खाली वळलेला अंगठा

दुर्गेशच्या सायबर कॅफेत, भिंतीकडच्या खुर्चीत बसून वच्छलाने तेच शब्द पुन्हा टाइप केले. तसेच इंग्रजीत, तसेच एका बोटाने, अक्षर शोधत शोधत: हिंगणघाट, कापूस, बाई. आणि माय तिथे नव्हती. पडद्यावर चित्रं होती, चिक्कार होती. हायवेवरचं एक हॉटेल, ट्रॅक्टरची जाहिरात, कुठल्याशा मंत्र्याचा सत्कार, कापसाच्या गाठी, नकाशा, परत तेच हॉटेल. पण गेल्या सोमवारी जिथे मायचा चेहरा होता, बरोबर त्या ठिकाणी आता सरकीच्या ढेपेचं पोतं उभं होतं. वच्छलाने स्पेलिंग तपासलं. तिसरीच्या पोराचं शुद्धलेखन तपासावं तसं एकेका अक्षराखाली बोट धरून तपासलं. बरोबर होतं. शब्द पुसून पुन्हा लिहिले. पुन्हा ढेपेचं पोतं. तिने दुर्गेशला हाक मारली. तो येऊन मागे उभा राहिला, पडद्याकडे पाहिलं, कानात काडी फिरवली आणि म्हणाला, "मॅडम, नेट आहे ते. आज दिसते, उद्या नाई दिसत. त्याचं काय मनावर घ्याचं?"

मनावर घ्यायचं नाही, हे सांगणं दुर्गेशला सोपं होतं. त्याच्या आजाचं या जागेत किराण्याचं दुकान होतं. आजा गेला, बाप गेला, पोराने गुळाच्या ढेपा हलवल्या आणि कॉम्प्युटर मांडले. भिंतींना अजून हिंगाचा वास येतो, पंखा लागला की जास्तच येतो. दुर्गेशच्या आजाचा मोठा रंगीत फोटो गल्ल्याच्या वर हार घालून लावलेला आहे. ज्याच्या डोक्यावर आजा चोवीस तास हसतो आहे, त्याला माणूस दिसेनासं होणं म्हणजे काय ते कळायचं कसं? वच्छलाने माउस पुन्हा हातात घेतला. "पाहते अजून थोडं," एवढंच म्हणाली.

हे सगळं सुरू झालं मयुरीमुळे. मयुरी म्हणजे वच्छलाची एकुलती एक लेक. इथेच वर्ध्यात शिकली, इंजिनिअर झाली आणि पुण्याला गेली. तिथल्या तिच्या कंपनीने इंटरनेटवर शोधायचं एक नवीन यंत्र काढलं होतं, 'नजर' नावाचं. आपण एक शब्द टाकला की बाकीच्या यंत्रांसारखी अक्षरांची लांबलचक उतरंड न येता चित्रं समोर यायची, कापडाच्या दुकानात गादीवर एकामागून एक थान उलगडून टाकतात तशी. ते अजून सगळ्यांसाठी खुलं झालं नव्हतं. आधी काही साध्या माणसांनी वापरून पाहायचं आणि मत सांगायचं. "आई, आमच्या ऑफिसात सगळेच इंजिनिअर आहेत," मयुरी फोनवर म्हणाली होती, "त्यायले आपलं केलेलं सगळंच चांगलं वाटते. तू वापरून पाह्यजो न खरं खरं लिहिजो. फीडबॅक पाह्यजे." वच्छला म्हणाली, "फीडबॅक म्हणजे अभिप्राय." मयुरी म्हणाली, "हाव, तेच. शेरा समज." शेरा म्हटल्यावर वच्छलाचा हात मोकळा झाला. जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला शेरा लिहायला शिकवावं लागत नाही. पहिल्याच आठवड्यात तिने अभिप्रायाच्या चौकटीत, दुर्गेशने दाखवलेल्या युक्तीने मराठी अक्षरं उमटवत, लिहिलं: 'चित्रे सुबक आहेत. मात्र तीळगूळ विचारला असता समुद्रकिनारा दाखवला जातो. प्रगती समाधानकारक. अधिक सरावाची गरज.' पुण्यात म्हणे सगळ्या ऑफिसने ते वाचलं, कुणीतरी त्याची प्रिंट काढून भिंतीवर चिकटवली. हे ऐकून वच्छलाला बरंही वाटलं आणि आपल्याला हसले की काय असंही वाटत राहिलं.

शाळा सुटली की ती सोमवारी-गुरुवारी कॅफेत यायची. नवरा घरी पेपर वाचत बसलेला असे, तो विचारायचा, "चालली काय तुही ते नजर काढाले?" आणि आपल्याच विनोदावर खूश व्हायचा. पहिल्यांदा तिने लेकीच्या कामाचे शब्द टाकले. मग आपल्या मनातले टाकू लागली. तिच्या ध्यानात एक गंमत आली होती. तिकडच्या बोलीत, हिंगणघाटच्या तिच्या माहेरी, शोधायला वेगळा शब्द फारसा कुणी वापरत नसे. माय म्हणायची, "बकरी पाहाले गेलती." म्हणजे हरवलेली बकरी शोधायला गेली होती. "सुई पाहून राह्यली, दिसूनच नाई राह्यली." पाहणं म्हणजेच शोधणं, आणि शोधणं म्हणजेच पाहणं. वर्गात वर्षानुवर्षं तिने पोरांची वाक्यं लाल शाईने दुरुस्त केली, 'पाहायला' खोडून 'शोधायला' केलं, आणि आता पुण्याच्या लोकांनी पैसा लावून तेच यंत्र बांधलं होतं. तिने हे मयुरीला सांगितलं तेव्हा मयुरी इतकी हसली की फोन हातातून पडला.

माय पाहायची, हे तिने ठरवून केलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. पण खरं सांगायचं तर ती एका भीतीने आली होती, आणि ती भीती कॅफेच्या कितीतरी आधीची होती. मायला जाऊन पंधरा वर्षं होऊन गेली होती. मायचं नाव पंचफुला. हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात ती कापूस निवडायची, चांगल्या कापसातून पिवळी-काळी कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी काढायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा तिच्या पापण्यांवर, भुवयांवर, पदरावर पांढरी तूस असायची आणि खोकल्याने ती आधी दारातच उभी राहायची, मग आत यायची. हे सगळं वच्छलाला आठवत होतं. खोकला आठवत होता. लुगड्याला येणारा सरकीचा तेलकट, थोडा गोडसर वास आठवत होता. मिलचा भोंगा झाला की चुलीवरचं भांडं उतरवणारे हात आठवत होते. फक्त चेहरा येत नव्हता. डोळे मिटून ती मायला समोर आणायची, तर वास यायचा, हात यायचे, पदर यायचा आणि पदराच्या आत, जिथे चेहरा असावा, तिथे स्वतः वच्छलाच यायची. लोक तिला लहानपणापासून म्हणत आले होते, मायवर गेली पोरगी, थेट मायवर गेली. तेव्हा ते ऐकून तिला रुसवा यायचा, कारण माय काळी होती. आता वय झालं तसा आरशातला चेहराच मायच्या जागी येऊन बसला होता आणि जागा सोडायला तयार नव्हता. एक दिवस देवपूजा करताना आईवडिलांचं स्मरण म्हणून डोळे मिटले आणि चष्मा लावलेली माय दिसली. मायने जन्मात चष्मा लावला नव्हता. त्या दिवशी वच्छला घाबरली. माणूस एकदा मरतं ते आपल्याला कळतं, सगळे रडतात, तेरावं होतं. हे दुसऱ्यांदा मरणं आपल्याच हातून होत होतं आणि कुणी रडत नव्हतं.

फोटो नव्हता. एकही नव्हता. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, असं मायचं मत होतं. वच्छलाच्या लग्नात फोटोग्राफर आला तेव्हा ती स्वयंपाकाच्या मांडवात जाऊन बसली. ओढून आणली तर पदर नाकापर्यंत ओढला. त्या फोटोत सगळं गणगोत दात काढून उभं आहे आणि कडेला एक हिरवं लुगडं आहे. दुसरा एक फोटो होता म्हणे, चंद्रभानदादा, तिचा भाऊ, मुंजीच्या वयाचा असताना पोलीस ठाण्याच्या मैदानात मीना बाजार आला तेव्हाचा. वणा नदीचा पूर घरात शिरला त्यात तो गेला. पुढे मतदारांना फोटोचं ओळखपत्र आलं, गल्लोगल्ली कॅमेरे घेऊन माणसं बसली, म्हाताऱ्या-कोताऱ्यांचेही चेहरे सरकारने टिपून ठेवले. पण तोवर माय गेली होती. वच्छलाने दादाला फोन केला. दादा तिच्याहून मोठा, हिंगणघाटलाच राहतो, मायजवळ शेवटपर्यंत तोच होता. तिने विचारलं, "दादा, तुले मायचा चेहरा आठवते?"

"काऊन नाई आठवत? माय होती ना."

"कशी दिसे, सांग बरं."

मागे कुणाच्या तरी दारची गाय हंबरत होती. मग दादा चिडून म्हणाला, "कशी दिसे म्हंजे काय वं? मायसारखी दिसे." आणि थोड्या वेळाने, आवाज खाली घेऊन, "तू काऊन विचारून राह्यली असं?" त्यालाही चेहरा येत नव्हता, हे तिला कळलं. तिने ढेपेचे भाव विचारले आणि फोन ठेवला.

पण एक गोष्ट होती. माय जायच्या दोन-तीन पावसाळे आधीची. वच्छला मयुरीला घेऊन माहेरी गेलेली, माय जिनिंगमधून आली ती तणतणत. खोकून झाल्यावर म्हणाली, "आज एक गोरी बाई आलती, पँट घालून. सेवाग्रामले आलती म्हणे, तिथून इकडे. गळ्यात डब्बा. साऱ्या बायका पळाल्या, मी कवडीच्या ढिगामागून कुठी पळू? तिनं माह्या फोटू काढला." दादा हसला. म्हणाला, तुह्या कोन काढते फोटू! माय म्हणाली, "काढला. न काढून वरून मले ठेंगा दाखवला." असं म्हणून तिने आपली मूठ मिटून अंगठा वर करून दाखवला. तिचा अंगठा रुंद, चपटा, नखाशी चिरलेला. "मी तिचं काय केलं होतं? फुकटात फोटू नेला न ठेंगा दाखवते! म्या बी अशी पाह्यली तिच्याकडे, जायची नाई पुन्हा कोनाले ठेंगा दाखवाले." घर हसून हसून लोळलं. वच्छलाने सांगायचा प्रयत्न केला की माय, त्यायच्यात ते शाब्बास म्हणायचं असते, थंड्याच्या बाटलीवर नाही का असतो तसा. माय म्हणाली, "तुह्या बाटलीत असंन. आमच्यात ठेंगा म्हंजे ठेंगा." ते पुष्कळ दिवस घरात चाललं. कुणी भाकर मागितली की दादा ठेंगा दाखवायचा. मग माय गेली, ठेंग्याची गोष्ट मागे पडली, आणि इतक्या वर्षांनी, दुर्गेशच्या पंख्याखाली बसलेल्या वच्छलाच्या मनात एकदम आलं की अरे, म्हणजे फोटो आहे. मायचा एक फोटो या जगात आहे. कुठल्यातरी देशात, कुठल्यातरी गोऱ्या बाईच्या घरी माय रागाने पाहत बसली आहे. आणि आता लोक आपले जुने फोटो इंटरनेटवर टाकायला लागलेत. मयुरीच म्हणाली होती तसं.

म्हणून ते शब्द. हिंगणघाट, कापूस, बाई. कित्येक सोमवार-गुरुवार तिने ते उलटसुलट करून पाहिले होते, आणि गेल्या सोमवारी, तिसऱ्या ओळीत, हॉटेल आणि ट्रॅक्टर यांच्या मधे, पोस्टाच्या तिकिटाएवढी माय दिसली. डोक्यावर पदर, पदरावर तूस, मागे पांढरा ढीग. कपाळाला आठी. आणि ती बघत होती सरळ, अशी की पुन्हा कुणाला ठेंगा दाखवायला जाणार नाही. वच्छलाचा हात माउसवरच राहिला. पंखा फिरत होता, शेजारी एक कॉलेजची पोरगी निकाल पाहून राहिली होती, बाहेर ऑटोवाला बस स्टँड बस स्टँड ओरडत होता, आणि हे सगळं खूप लांब गेलं. आपण रडू असं तिला वाटलं होतं, पण हसू आलं. माय अजून रागातच होती! तिने चित्रावर टिचकी मारली, मोठं होईल म्हणून. नुसतं एक चक्र फिरत राहिलं. मागे येऊन पुन्हा मारली. पुन्हा चक्र. मोठं होईना. तिकिटाएवढी तर तिकिटाएवढी, ती पुढे वाकून चष्मा सरकवून पाहत बसली.

आणि चित्राखाली, 'नजर'मधल्या प्रत्येक चित्राखाली असायचे तसे, दोन अंगठे होते. एक वर, एक खाली. शब्द काही लिहिलेला नव्हता. मयुरीने सांगितलं होतं, ज्याच्याविषयी मत असेल त्याच्याखालचा अंगठा दाबजो. आजवर वच्छलाने ते कधी दाबले नव्हते, तिचा भर चौकटीतल्या शेऱ्यावर. पण आज मत होतं. आज तर फारच मत होतं. तिने वरच्या अंगठ्यावर बाण नेला आणि हात थांबला. वर मायचा संतापलेला चेहरा, आणि खाली तोच अंगठा. गोऱ्या बाईने दाखवला तो. आता लेकीने दाखवायचा? वच्छला काही अडाणी नव्हती, बाटलीवरचा अंगठा तिलाही ठाऊक होता. शाळेतली पोरं एकमेकांना दाखवतात तेही ठाऊक होतं. पण बोट जाईना. दुसरा अंगठा खाली वळलेला होता. तो तिला ओळखीचा वाटला. रेशनच्या दुकानात, जिनिंगच्या हजेरीला, वच्छलाच्या शाळेच्या दाखल्यावर, मायचा अंगठा असाच खाली वळायचा, शाईच्या डबीत टेकायचा आणि कागदावर बसायचा. साक्षरतेची मोहीम निघाली तेव्हा वच्छला स्वतः पाटी घेऊन मायसमोर बसली होती. माय 'पं'च्या टिंबापर्यंत आली आणि पेन्सिल ठेवून म्हणाली, "राहू दे वं. सही चोरता येते, अंगठा कोन चोरते?" अंगठा खाली गेला की मायचं हो. मंजूर. आहे मी. वच्छलाने खालचा अंगठा दाबला. मायच्या वतीने दाबला. तो निळा झाला. तेवढ्यात भारनियमनाची लाइट गेली, सगळे पडदे काळे झाले आणि कॅफेतली पोरं एकदम ओरडली.

घरी जाताना ती चालत गेली. भाजी घ्यायची होती ती घेतली नाही. नवऱ्याला सांगितलं नाही, दादाला सांगितलं नाही. गुरुवारी पुन्हा पाहू, नीट पाहू, मोठं करून छापून घेऊ, मग सांगू. मयुरीला तर अगदी शेवटी, हातात छापील फोटो देऊन. तीन रात्री ती मायला मनात घेऊन झोपली आणि चष्म्याची माय आली नाही.

आणि आता गुरुवारी ढेपेचं पोतं. तिने तिथूनच, खुर्चीतूनच, पर्समधला मोबाइल काढून मयुरीला फोन लावला. एरवी ऑफिसच्या वेळेत फोन करत नसे. "मयुरे, तुमच्या त्या यंत्रातून एक चित्र गेलं," ती म्हणाली. आवाज घरचा निघाला, शाळेचा नाही. "सोमवारी होतं. तिसऱ्या ओळीत होतं."

"कोनतं वं आई?"

सांगायचं नव्हतं. पण सांगावं लागलं. मयुरी म्हणाली, थांब, पाहते. फोनमधून बटणांचा टकटक आवाज येत राहिला. वच्छला ढेपेच्या पोत्याकडे पाहत बसली. मयुरीला आजी आठवते का, हे तिने कधी विचारलं नव्हतं. आजी गेली तेव्हा पोरगी तिसरीत होती.

"आई," मयुरी म्हणाली, "ते चित्र आम्ही नाई काढलं. कोनीतरी खालचा अंगठा दाबला म्हणून गेलं. खालचा दाबला का ते चित्र त्या शब्दावर पुन्हा येत नाई. नापसंत म्हंजे." टकटक. "वर्ध्यातूनच दाबला." पुन्हा टकटक, आणि मग आवाजच बदलला. "आई, तूच दाबला. तुह्या नावानं आहे. काऊन दाबला वं?"

मायला आपणच हाकललं. मायच्याच अंगठ्याने. दुर्गेशचा आजा गल्ल्यावरून हसत होता. वच्छलाने सांगायला सुरुवात केली तर ते कुठून सांगावं कळेना. गोरी बाई, कवडीचा ढीग, ठेंगा, शाईची डबी, जे तोंडाला आलं ते सांगत गेली. पोरीच्या ऑफिसात, तिथे काचेच्या खोलीत बसून ती हे काय समजणार? पण मयुरी मधेच म्हणाली, "तो ठेंगा! दाखवे ना मले आजी. मांडीवर घेऊन, असा मूठ करून. मी खाऊ मागितला का ठेंगा, न मंग दुसऱ्या हातातून फुटाणे." आणि थोडं थांबून, "मले तिचा चेहरा नाई आठवत, आई. अंगठा आठवते."

मग मयुरी नाक ओढून कामाला लागली. तुझा अंगठा काढून टाकते म्हणाली, मला तेवढा अधिकार आहे म्हणाली. "आता पाह्य. फोन ठेवू नोको."

वच्छलाने शब्द पुन्हा टाकले. पोतं गेलं. माय आली. टिचकी मारली, आणि आज चक्र थोडंच फिरलं, पान उघडलं, आणि चित्र वरून खाली उतरू लागलं. दुर्गेशचं नेट ते, एकेक पट्टी करत, दम खात. आधी पांढरा ढीग. मग पत्र्याचं छप्पर. मग पदर. पदर लाल होता, असू दे, मायजवळ लाल असेल. मग कपाळ उतरलं. कपाळ मोकळं होतं. आणि वच्छलाच्या मनात कुणीतरी आपोआप म्हणालं, नाही, मायच्या कपाळावर गोंदण होतं. दोन भुवयांच्या मधे हिरवा ठिपका, आठी पडली की तो आठीत लपायचा. हे तिला कालपर्यंत आठवत नव्हतं. मग डोळे आले. घारे. नाही, मायचे काळे, आणि डावा थोडा बारीक, त्यात लहानपणी सरकीचं टरफल गेलेलं. नाक उतरलं, नाकात चमकी. नाही. चमकी मायने केव्हाच मोडली होती. भोक बुजू नये म्हणून ती त्यात निंबाची काडी घालायची, आणि हसली की ती काडी हलायची. गाल उतरले, नाही, मायचे खोल. ओठ, नाही, वरचा ओठ एका बाजूला जास्त वर जायचा, म्हणून रागात असली तरी ती हसते आहे की काय असं वाटायचं. हनुवटी. नाही. नाही. वच्छला शाळेत हजेरी घ्यावी तशी मान हलवत राहिली, आणि पट्टी पट्टीने एक परकी बाई पडद्यावर पूर्ण झाली, आणि तिच्या बाजूला, पडद्याच्या अलीकडे, हिंगाच्या वासात, माय पूर्ण झाली. काडीसकट. आरशातला चेहरा तिच्या जागेवरून उठून गेला होता. चित्राखाली इंग्रजीत बारीक अक्षरं होती: कापूस निवडणारी बाई, तळेगाव, १९९९. हिंगणघाटचं नाव त्या पानावर दुसऱ्याच कुठल्याशा फोटोखाली होतं. नव्व्याण्णव साली मायला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"आई? आजीच आहे ना?" फोनमधून मयुरी. ती किती आशेने विचारत होती, ते वच्छलाला तेव्हा कळलं.

"नाई वं." वच्छलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिने ते पुसलं नाही. "आजी नाई. तळेगावकडची कोनी आहे. पन मले दिसली. आजी दिसली मले. तू घरी ये, मी सांगते तुले, कपाळापासून सांगते."

मयुरीला ते कळलं की नाही कोण जाणे. तिचा आवाज पडला. ती म्हणाली, "मंग तुहा तो खालचा अंगठा परत लावू का? आपल्या कामाचं नसंन तर."

"लावू नोको," वच्छला एकदम म्हणाली, इतक्या जोराने की शेजारच्या खुर्चीतली पोरगी वळली. "कोनाची तरी माय आहे ते."

फोन ठेवल्यावर ती त्या बाईकडे पाहत बसली. घाऱ्या डोळ्यांची, चमकी घातलेली, नाव नसलेली बाई. तीही रागानेच पाहत होती. काय बिनसलं असेल तिचं? तळेगावात किंवा कुठे तिची लेक असेल, तिलाही कधीतरी डोळे मिटल्यावर दुसऱ्याच कुणाचं तोंड दिसेल. ती पाहायला येईल. तिला कॉम्प्युटर येत नसेल, दुर्गेशसारख्या कुणाला तरी विचारत, एका बोटाने लिहीत येईल. तेव्हा इथे ढेपेचं पोतं असून चालणार नाही. वच्छलाने अभिप्रायाची चौकट उघडली आणि सावकाश, र्‍हस्वदीर्घ सांभाळून लिहिलं: 'सदर चित्र माझ्या आईचे नाही. तरी ते काढू नये. हिची मुलगी येईल.' मग तिने इकडेतिकडे पाहिलं. दुर्गेश गिऱ्हाइकाशी बोलत होता. तिने बाण वरच्या अंगठ्यावर नेला, पडद्याकडे थोडं वाकली आणि "रागावू नोको वं बाई," असं पुटपुटत तिला ठेंगा दाखवला.